मधली रिकामी जागा जपा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘संगणकाने बिल चुकीचे काढले’ ही तक्रार आपल्या पत्रांच्या सदरात अधूनमधून वाचायला मिळते. कधी विजेच्या बिलाची, कधी पाणीपट्टीची, कधी दुधाची. त्यावर उत्तर ठरलेले असते: ‘तांत्रिक अडचण होती, दुरुस्त केली आहे.’ ही तांत्रिक अडचण म्हणजे नेमके काय, ते कोणी सांगत नाही. आमच्या घरी आलेल्या अशा एका अडचणीचा मी शेवटपर्यंत माग काढला. गेली नऊ वर्षे मी पुण्यात डेटाबेसचे काम करते आणि माझी आई गडहिंग्लज तालुक्यातल्या आमच्या गावात दोन म्हशींचे दूध रोज दोन वेळा दूध संस्थेला घालते. या प्रकरणात ही दोन्ही कामे एकत्र आली, म्हणून हे पत्र.

गेल्या पावसाळ्यात १ ते १० तारखेचे बिल आले आणि आईचा फोन आला. “दहा तारखेचं सांजचं दूध फुकाट गेलं व्हय गं?” बिलावर त्या संध्याकाळचे ३ लिटर २०० मिली दूध मांडलेले होते, पण पुढे फॅट, म्हणजे दुधातला स्निग्धांश, ०.० आणि रक्कमही शून्य. मी म्हटले, एखादी नोंद राहिली असेल, सचिवांना सांग. आई म्हणाली, “ते ऱ्हाऊ दे. पाच तारखेपासनं सकाळचा फॅट सांजच्यापरास जास्त दाखवतोय. असं कवा हुतंय?”

म्हैस राखणाऱ्या माणसाच्याच हे लक्षात येते. संध्याकाळच्या धारेपासून सकाळच्या धारेपर्यंतचे अंतर मोठे, म्हणून सकाळी दूध जास्त आणि फॅट कमी. संध्याकाळी दूध कमी पण फॅट चढा. आमच्याकडे तेव्हा सकाळी साडेचार लिटरच्या आसपास दूध आणि फॅट ६.४ ते ६.६, संध्याकाळी सव्वातीन लिटर आणि फॅट ७.१ ते ७.३ असे चालले होते. बिलात ४ तारखेच्या सकाळपर्यंत तसेच होते. त्यानंतर मात्र सगळे उलटे झालेले.

शनिवारी गावी गेले. आई संस्थेतून मिळणाऱ्या पावत्या रबर लावून बिस्किटांच्या डब्यात ठेवते. सोप्यात खाली बसून आम्ही त्या वीस पावत्या मांडल्या, वरच्या ओळीत सकाळच्या आणि खालच्या ओळीत संध्याकाळच्या. चार तारखेच्या संध्याकाळच्या पावतीवर लिटर छापलेले होते, फॅटची जागा कोरी होती आणि त्या कोऱ्या जागेत सचिवांनी बॉलपेनने लिहिले होते: ‘मशीन बंद’. बिलात मात्र त्या संध्याकाळपुढे फॅट ६.५ होता. हा ६.५ पाच तारखेच्या सकाळच्या पावतीवर सापडला. पाचच्या सकाळपुढे पाचच्याच संध्याकाळचा फॅट, पाचच्या संध्याकाळपुढे सहाच्या सकाळचा. अशा बारा नोंदी एकेक घर पुढे सरकल्या होत्या आणि दहा तारखेच्या संध्याकाळसाठी फॅट उरलाच नव्हता. म्हणून तिथे शून्य.

जमाखर्चही मांडला. सहा सकाळी जास्त दुधाला चढा फॅट लागल्याने थोडे पैसे वाढले, सहा संध्याकाळी कमी झाले, आणि शेवटच्या संध्याकाळचे सगळेच गेले. बेरीज करता आईचे नुकसान. चार तारखेच्या संध्याकाळी ज्या ज्या सभासदाने दूध घातले होते त्या प्रत्येकाच्या बिलात हेच झाले होते. फरक एवढाच, की बहुतेकांनी शेवटचा शून्य पाहिला आणि सरकलेल्या नोंदी कोणाच्या नजरेस आल्या नाहीत.

सचिवांनी हे लगेच मान्य केले. मशीन बंद असेल तर आमच्या संस्थेत आदल्या दिवशीच्या त्याच वेळेचा फॅट धरतात, तसा धरून पुढच्या बिलात सगळ्यांना फरक दिला. त्यांचा यात काडीचाही दोष नव्हता, त्यांनी तर पावतीवर हाताने लिहून ठेवले होते. त्यांनी मला संगणकातली फाइलही दाखवली. प्रत्येक सभासदाची एक ओळ. एका रकान्यात दहा दिवसांचे सगळे लिटर, स्वल्पविराम देऊन एकामागे एक. दुसऱ्या रकान्यात सगळे फॅट, तसेच स्वल्पविराम देऊन. लिटरच्या रकान्यात वीस आकडे होते, फॅटच्या रकान्यात एकोणीस. साठवताना कोरी जागा गाळली गेली होती आणि बिल काढताना पहिल्याला पहिला, दुसऱ्याला दुसरा अशी जोडी लावली गेली होती. सॉफ्टवेअर कोणाचे होते ते सांगण्याचे कारण नाही, कारण हीच चूक मी पुण्यात याहून कितीतरी मोठ्या कामांत पाहिली आहे.

आमच्या क्षेत्रात अशा ओळीने येणाऱ्या आकड्यांच्या यादीला ‘अ‍ॅरे’ म्हणतात. ही यादी नीट साठवण्याच्या रीती आहेत आणि त्या कोणालाही फुकट वापरता येतात. हे वाचकांना कळावे म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

संस्थेची जुनी खातेवही म्हणजे प्रत्येक सभासदाचे एक पान. त्या पानावर तारीख, लिटर, फॅट, एसएनएफ (स्निग्धांश सोडून दुधातले बाकीचे घन घटक), रक्कम. नेहमीचे डेटाबेस असेच चालतात, एका माणसाची सगळी माहिती एका जागी. एका सभासदाचे बिल काढायला ही मांडणी उत्तम. पण तालुक्याचा या महिन्याचा सरासरी फॅट किती, असे विचारले तर प्रत्येक पान उलटावे लागते आणि नको ती माहितीही वाचावी लागते. म्हणून कॉलमनिहाय डेटाबेस निघाले. त्यांत लिटरची वही वेगळी, फॅटची वेगळी, तारखेची वेगळी. सरासरी फॅट हवा असेल तर फॅटची तेवढी एकच वही उघडायची. शिवाय एका वहीत सगळे एकाच जातीचे आकडे, ६.४, ६.५, ६.५, ७.१ असे, त्यामुळे ते दाबून फार कमी जागेत बसवता येतात. अ‍ॅमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेने मोनेटडीबी या डेटाबेसमधून हा मार्ग पुष्कळ आधी दाखवला. २०१६ पासून सर्वांना खुले झालेले क्लिकहाऊस आणि त्याच सीडब्ल्यूआयमधून २०१९ मध्ये बाहेर आलेले डकडीबी ही आज सर्रास वापरली जाणारी दोन नावे.

आता अडचण पाहा. फॅटच्या वहीत एका सभासदाचा एकच आकडा असता तर सरळ होते, पाचवा आकडा पाचव्या सभासदाचा. पण इथे प्रत्येकाची यादी आहे आणि प्रत्येकाची लांबी वेगळी. पहिल्याने वीस वेळा दूध घातले. दुसऱ्याची म्हैस आटत आली आहे, त्याच्या चौदाच वेळा. तिसऱ्याचे खाते आहे, पण या दहा दिवसांत दूध नाही. चौथ्याच्या पुन्हा वीस. एका सलग वहीत हे कसे लिहायचे?

उत्तर साधे आहे आणि मला ते आजही सुंदर वाटते. फॅटच्या वहीत सगळे चौपन्न आकडे सलग लिहायचे, मध्ये कुठलीही खूण न करता. शेजारी एक लहान वही ठेवायची आणि तिच्यात प्रत्येकाची यादी कुठे संपते तेवढेच लिहायचे: २०, ३४, ३४, ५४. दुसऱ्याची यादी ३४ ला संपली आणि तिसऱ्याचीही ३४ लाच, म्हणजे तिसऱ्याची यादी रिकामी. ती हरवलेली नाही, तिची जागा तिथे आहे आणि लांबी शून्य आहे. क्लिकहाऊस अ‍ॅरे असाच सांभाळते. डिस्कवर आकड्यांची एक फाइल आणि (शेवटांऐवजी) लांब्यांची दुसरी. कोण किती वेळा दूध घालून गेला एवढेच हवे असेल तर फॅटचे आकडे उघडायचीही गरज पडत नाही, लांब्यांची छोटी फाइल पुरते.

स्वल्पविरामांच्या रकान्यात यातले काही नसते. तिथे आकडे हे आकडेच नसतात, ती अक्षरे असतात. क्रम लावायला गेले तर १०.० हा ९.० च्या आधी येतो, कारण १ हे अक्षर ९ च्या आधी येते. लांबी हवी असेल तर स्वल्पविराम मोजत बसायचे. आणि मधली जागा कोरी असेल तर दोन स्वल्पविराम लागोपाठ येतात. कोणीतरी ‘साफसफाई’ म्हणून त्यातला एक काढून टाकतो आणि बारा नोंदी सरकतात.

लांबी नीट लिहिली तरी कोऱ्या जागेचा प्रश्न उरतोच. त्यावर मला सर्वात पटलेले उत्तर गुगलच्या अभियंत्यांनी २०१० मध्ये ड्रेमेल या प्रणालीविषयीच्या शोधनिबंधात मांडले. ट्विटर आणि क्लाउडेरा या कंपन्यांतल्या लोकांनी २०१३ मध्ये पार्के नावाचा फाइलचा प्रकार काढला, त्यात तीच रीत घेतली. प्रत्येक आकड्यामागे दोन छोटे अंक ठेवायचे. पहिला सांगतो, इथे नवी यादी सुरू झाली की मागचीच पुढे चालू आहे. दुसरा सांगतो, या जागेबद्दल आपल्याला कुठवर माहिती आहे. आमच्या दुधाच्या यादीला तो लावला तर ० म्हणजे या सभासदाची यादीच आपल्यापर्यंत आलेली नाही. १ म्हणजे यादी आली, पण एकदाही दूध घातलेले नाही. २ म्हणजे दूध घातले, पण फॅट मोजला गेला नाही. ३ म्हणजे फॅट मोजला आणि तो हा.

चार तारखेची संध्याकाळ म्हणजे यातला २. ‘मशीन बंद’ हे दोन शब्द संगणकाला सांगायला एवढा एक अंक पुरतो. पुष्कळ गावठी सॉफ्टवेअरमध्ये यातले पहिले तीनही प्रकार एकाच शून्यात कोंबलेले असतात. दूध नाही, यादी नाही, मोजमाप नाही, सगळ्याला शून्य. पावसाच्या नोंदीत तर हे फारच घातक. पाऊस पडला नाही आणि पर्जन्यमापक वाचलाच नाही, या दोन्हींना ० लिहिले तर पुढे पीक विम्याचा हिशेब कशावर करायचा?

माझ्या व्यवसायातल्या मंडळींनाही इथे एक गोष्ट सांगावीशी वाटते. नावाजलेला डेटाबेस घेतला म्हणजे काम झाले, असे नाही. क्लिकहाऊसमध्ये अख्खा अ‍ॅरे ‘नल’, म्हणजे ‘माहिती नाही’ अशी खूण असलेला, ठेवता येत नाही. आतली एखादी जागा नल ठेवता येते, पण तसे आधी जाहीर करावे लागते. तसे न करता साध्या आकड्यांचा अ‍ॅरे ठेवला, यादी एकोणीसचीच राहिली आणि कोणी विसावी जागा मागितली, तर क्लिकहाऊस निमूटपणे ० देते. म्हणजे आईच्या बिलातला शून्य तिथेही उमटू शकतो. डकडीबी अशा वेळी नल देते, ते मला जास्त प्रामाणिक वाटते. गुगलच्या बिगक्वेरी या डेटाबेसमध्ये नल यादी निकालात रिकामी यादी होऊन बाहेर येते, म्हणजे वरच्या चारांतला ० आणि १ एक होतात. शिवाय जागा मोजण्याची सुरुवात सगळीकडे सारखी नाही. क्लिकहाऊस आणि डकडीबी पहिल्या जागेला १ म्हणतात, पुष्कळ प्रोग्रामिंग भाषा तिला ० म्हणतात. दोन प्रणालींमध्ये माहिती नेताना हे विसरले की पुन्हा सगळे एक घर सरकते.

दुसऱ्या बाजूने क्लिकहाऊसमधली एक सोय प्रत्येक सहकारी संस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये असावी असे मला मनापासून वाटते. लिटर, फॅट, एसएनएफ या तीन याद्या तिथे ‘नेस्टेड’ म्हणून एका गटात बांधता येतात. तसे बांधले की एका ओळीत तिन्ही याद्यांची लांबी सारखीच असावी लागते. लिटर वीस आणि फॅट एकोणीस अशी ओळ आली तर ती आत घेतलीच जात नाही, चूक दाखवली जाते. आमच्या संस्थेत एवढी एकच अट असती तर बिल छापण्याआधीच यंत्र अडले असते. सचिवांनी पावत्यांची फाइल काढली असती आणि चार तारखेची कोरी जागा दोन मिनिटांत सापडली असती. बिल चुकीचे छापण्यापेक्षा बिल अडणे केव्हाही चांगले.

काही जाणकार म्हणतील, यादी हवीच कशाला? ओळी-रकान्यांच्या डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या एडगर कॉड यांनी १९७० मध्येच सांगून ठेवले की एका ओळीच्या एका रकान्यात एकच मूल्य असावे. प्रत्येक वेळेची वेगळी ओळ करा: सभासद, तारीख, सकाळ-संध्याकाळ, लिटर, फॅट, एसएनएफ. हे म्हणणे खरे आहे. तीनशे सभासदांच्या एका संस्थेसाठी तेच करा, असे मीही सांगेन. दहा दिवसांत सहा हजार ओळी होतात, कुठलाही साधा डेटाबेस ते सहज पेलतो. कॉलमनिहाय डेटाबेस तिथे आणूच नये. पण हेच आकडे वर दूध संघाकडे जातात तेव्हा गणित बदलते. अशा हजार संस्था धरल्या तर दहा दिवसांत साठ लाख नोंदी आणि वर्षाला एकवीस कोटींवर. कोणत्या भागात फॅट पडतो आहे, कुठले मशीन चुकते आहे हे शोधायला तिथे कॉलमनिहाय मांडणीच लागते. आणि बिल, आलेख, एखाद्या जनावराचा पंधरवड्याचा चढउतार अशा ज्या गोष्टी अख्खी यादी एकदम मागतात, त्यांना अ‍ॅरे सोयीचा पडतो.

एक उणीव मात्र लपवत नाही. यादीतला एकच आकडा दुरुस्त करणे अशा डेटाबेसमध्ये जड जाते. क्लिकहाऊसच्या नेहमीच्या रीतीत त्यासाठी त्या कॉलमचा तेवढा सगळा भाग पुन्हा लिहून काढावा लागतो. तेव्हा रोजच्या दुरुस्त्या संस्थेच्या पातळीवर साध्या ओळींतच व्हाव्यात आणि दहा दिवसांचे खाते पक्के झाल्यावरच त्याची यादी करून वर पाठवावी.

आणि ‘दहा दिवसांचे’ म्हटले तरी तिसरे बिल दहा दिवसांचे नसते. ३१ दिवसांच्या महिन्यात २१ तारखेपासून बावीस वेळा होतात, फेब्रुवारीत सोळा आणि लीप वर्षात अठरा. डकडीबीमध्ये ठरावीक लांबीचा अ‍ॅरे मिळतो, म्हणून वीस जागा पक्क्या करून मोकळे व्हावे असा मोह होतो. मलाही झाला होता. तसे केले तर जानेवारीच्या ३१ तारखेचे दूध कुठे मांडणार? लांबी बदलती ठेवावी आणि शेजारी तारीख-वेळेचीही एक यादी असावी. म्हणजे जोडी जागेच्या भरवशावर न लावता तारखेवर लावता येते. फॅटच्या प्रत्येक आकड्यासोबत त्याची तारीख-वेळ असती तर आमच्या बारा नोंदी सरकल्याच नसत्या.

कोरी जागा जपायला खर्च किती? क्लिकहाऊस नल ठेवता येणाऱ्या कॉलममध्ये प्रत्येक जागेमागे एक बाइट घेते. अपाची अ‍ॅरो या मांडणीत प्रत्येक जागेला एक बिट, म्हणजे बाइटचा आठवा भाग, लागतो, म्हणजे आईच्या वीस वेळांना तीन बाइट पुरतात. तीन बाइट म्हणजे तीन इंग्रजी अक्षरांची जागा. त्यासाठी माझ्या आईला वीस पावत्या जमिनीवर मांडून बसावे लागले.

दूध संघांच्या आणि संस्थांच्या संचालक मंडळांना आपल्या दैनिकातून माझी विनंती आहे. सॉफ्टवेअर घेताना पडद्यावरचे रंग आणि एसएमएसची सोय पाहता, तशी ही एक गोष्ट समोर बसून करून पाहा. एका सभासदाच्या वीस वेळा भरा, आठव्या वेळेचा फॅट मुद्दाम कोरा ठेवा आणि बिल काढायला सांगा. आठव्या जागी ‘मोजमाप नाही’ असे आले आणि नवव्या जागेचा फॅट नवव्याच जागी राहिला, तर पुढची बोलणी करा. आणि ते सिद्ध होईपर्यंत सभासदाच्या हातात कागदाची पावती देणे बंद करू नका. मोबाइलवर सगळे येते म्हणून काही ठिकाणी ती बंद होऊ लागली आहे, असे आई सांगते. चार तारखेची ती कोरी पावती नसती तर आमच्याकडे दाखवायला काहीच नव्हते.

आपली विश्वासू,
एका दूध उत्पादकाची मुलगी,
ता. गडहिंग्लज, सध्या पुणे